काळी एकमधला बॅटमॅन

गेल्या गुरुवारी संध्याकाळी शिकवणीला येणारी आठवीतली मुलगी अलंकारांचा सराव सोडून पेटीवर भलतंच काहीतरी शोधत बसली होती. घरी कन्नड, शाळेत इंग्रजी आणि आमच्या दारात पाय ठेवला की बेळगावी मराठी, अशी ही पोर. एका बोटानं चाचपडणं चाललं होतं. सा, रे, कोमल गंधार, मग एकदम उडी मारून कोमल धैवत आणि तिथून खाली पंचम. धैवत सापडेपर्यंत भात्यावरचा डावा हात थांबायचा आणि सूर अर्ध्यातच मरायचा. "सर, बॅटमॅनचं आहे की हे. पुढचं येईना बघा."

पुढचं यायला हवंच असं नाही. ते पाच स्वर म्हणजेच बॅटमॅन. डॅनी एल्फमननं १९८९च्या सिनेमासाठी ही धून बांधली आणि १९९२च्या कार्टून मालिकेच्या सुरुवातीलाही तीच वाजली. मी काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून, तिला सावकाश वाजवून दाखवली. पहिले तीन स्वर जिना चढल्यासारखे, मग कठड्यावरून झेप, आणि उतरायचं ते पंचमावर. षड्जावर, म्हणजे सुरुवातीच्या सा वर, परत येणं नाहीच. घरी न परतता गच्चीवर थांबून राहिलेला माणूस त्या शेवटच्या पंचमात ऐकू येतो. कोमल गंधार आणि कोमल धैवत एकापाठोपाठ आले की आपल्या कानाला किरवाणी रागाचा भास होतो, पण राग मांडण्याइतकी जागाच एल्फमननं ठेवलेली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सुपरहिरोची धून पेटीवर एका बोटानं वाजली पाहिजे. ती वाजली की पोशाख बदलला, नट बदलला, पडद्याचा टीव्ही आणि टीव्हीचा मोबाइल झाला तरी तो नायक आपल्याला सापडतो.

हे मला वडिलांनी शिकवलं. ते बेळगावच्या शहापुरातल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. इंग्रजी सिनेमाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मी सुपरमॅनची व्हीसीआरची कॅसेट भाड्यानं आणली तेव्हा ते सोप्यात बसून क्लॅरिनेटचे सांधे पुसत होते. सुरुवातीची नावं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग क्लॅरिनेट जोडलं आणि ती चाल वाजवली. "सा-पचा खेळ आहे रे," एवढंच म्हणाले. जॉन विल्यम्सनं १९७८ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेलं ते संगीत, एवढी मोठी पलटण कामाला लावून, खरोखरच षड्ज-पंचमाच्या नात्यावर उभं आहे. त्यात तीन स्वरांचा एक तुकडा असा येतो की त्यावर 'सु-पर-मॅन' हे नाव नेमकं बसतं. शब्द नाहीत, तरी वाद्यं नाव घेतात. वडील म्हणायचे, वाजंत्री दोन गल्ल्या अलीकडं ऐकू आली पाहिजे आणि कोण येतंय ते तिथंच कळलं पाहिजे.

ज्यांनी आमची वैशाखातली शिवजयंतीची मिरवणूक बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्रभर चित्ररथ चालतात, ट्रॉलीवर सजीव देखावे असतात. महाराजांची तुलना मी कुणाशीही करणार नाही, बोलतोय ते फक्त वाजवणाऱ्यांबद्दल. एका वर्षी आमच्या देखाव्याच्या ऐन वेळी जनरेटर बंद पडला. रेकॉर्ड केलेलं संगीत गेलं, दिवे गेले. शेजारच्या मंडळाच्या हलगीवाल्या अण्णांनी कुणाला न विचारता हलगी उचलली, साथीचं घुमकं आणि कैताळ मागोमाग आलं. अंधारात पडदा सरकला तेव्हा आत काही दिसत नव्हतं, तरी समोरची सगळी गर्दी उठून उभी राहिली. महाराज आले हे त्यांना कानानं कळलं होतं.

म्हणून मला आयर्न मॅनचं वाईट वाटतं. २००८ला रामिन जवादी, २०१०ला जॉन डेबनी, २०१३ला ब्रायन टायलर. तीन सिनेमे, तीन संगीतकार आणि प्रत्येकाची आपापली चाल. तिघंही जाणते आहेत, पण पोराला दरवर्षी नव्या नावानं हाक मारली तर ते ओ कशाला देईल? याच्या उलट ॲलन सिल्व्हेस्ट्रीनं २०१२ला ॲव्हेंजर्सना एक धून दिली आणि २०१९च्या 'एंडगेम'मध्ये शेवटच्या लढाईआधी ती परत आणली. बेळगावातल्या थिएटरात त्या क्षणी मी होतो. मागच्या रांगेतली पोरं कन्नडमध्ये ओरडत होती, पुढची मराठीत, आणि बाहेर पडताना जिन्यावर सगळे एकच चाल गुणगुणत होते.

दोन स्वरांतही काम होतं, हे हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी २००५ साली 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये दाखवलं. षड्ज आणि कोमल गंधार, संपलं. 'डार्क नाइट'मध्ये जोकरसाठी तर चेलोचा एकच स्वर ताणत ताणत नेलाय, अंगावर काटा येतो. त्याची मी मनापासून कदर करतो. पण तो स्वर घरी नेता येत नाही, गुणगुणता येत नाही, आणि म्हणून माझ्या लेखी तो एल्फमनच्या खालीच.

टीव्हीवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९६६च्या बॅटमॅन मालिकेसाठी नील हेफ्टीनं गिटारवर एकमेकांना चिकटलेले स्वर घेतले आणि वर शब्द जवळजवळ एकच ठेवला, नायकाचं नाव. आमच्या 'शक्तिमान'च्या शीर्षकगीतातही नावाचाच गजर होता. १९९७ला ती मालिका दूरदर्शनवर आली आणि ते नाव कानावर पडलं की आमच्या गल्लीतली पोरं हात वर करून गरगरा फिरायला लागायची. त्या गाण्याला कुणी हलकं म्हटलं तर मला राग येतो.

सगळ्यात दूर आहे तो हल्क. १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या त्या मालिकेचा भाग संपताना जो हार्नेलचा एकटा पियानो वाजायचा आणि हल्कमधला माणूस पाठीवर पिशवी टाकून रस्त्यानं चालू लागायचा. इतका ताकदवान नायक आणि त्याला इतकी हळवी चाल. हे सुचायला धाडस लागतं.

व्हिडिओ गेमचं संगीत मी उशिरा ऐकायला लागलो, भाच्यामुळे. २०१८चा स्पायडर-मॅन तो तासन्‌तास खेळायचा. जॉन पेसानोचं संगीत. नायक इमारतीवरून उडी टाकून जाळ्यावर झुलायला लागला की धून भरून येते, जमिनीवर उतरला की ओसरते. उडी कधी पडणार हे संगीतकाराला आधी ठाऊक नसतं, म्हणून कुठूनही उचलता येईल आणि कुठंही सोडता येईल अशी रचना करावी लागते. मिरवणुकीतला हलगीवाला हेच करतो. त्याची नजर लेझीमवाल्यांच्या पायावर असते. पाय जड झाले की तो ठेका सैल सोडतो, गर्दी पुढं सरकली की चढवतो. आता मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या. त्या कुणाच्या पायाकडं बघत नाहीत, आणि मला त्याचं दुःख आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. पुढं माळव्यात राहून त्यांनी लोकधुनांतून राग उलगडले. तीन-चार स्वरांच्या धुनेत रागाचं बी असतं हे त्यांनी गाऊन दाखवलं. मी सिनेमातल्या या तुकड्यांकडं त्याच कानानं बघतो. २०२५च्या सुपरमॅन सिनेमातही विल्यम्सचीच ती जुनी चाल नव्यानं घेतली आहे, सत्तेचाळीस वर्षांनंतर.

काल ती मुलगी परत आली. पाचही स्वर न अडखळता वाजवले, भाता एकदाही थांबला नाही. मग वडिलांच्या क्लॅरिनेटच्या पेटीकडं बोट करून म्हणाली, "सर, त्याच्यावर सुपरमॅन येतंय काय?" मी पेटी उघडली. पत्ती वाळून गेली आहे, नवी मागवली आहे.