खुलासा : बंदूक कंपन्यांवरील दाव्यांबाबत

‘अमेरिकेत बंदूक उत्पादकांवर आता कोणत्याच न्यायालयात दावा लावता येणार नाही’ असा संदेश फिरत असून तो मीही दोन गटांत पाठवला होता; निकालपत्र वाचल्यावर माझी चूक लक्षात आली.

५ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ अँड वेसन ही बंदूक उत्पादक कंपनी आणि एका घाऊक विक्रेत्याविरुद्धचा मेक्सिको सरकारचा दावा एकमताने अमान्य केला, हे खरे. मात्र कारण एवढेच, की मेक्सिकोतील टोळ्यांपर्यंत बंदुका पोहोचवणाऱ्या बेकायदा विक्रीला कंपन्यांनी साहाय्य केल्याचा आरोप तक्रारीतून पुरेसा उभा राहत नव्हता. बंदुकीच्या गुन्हेगारी वापराबद्दलच्या दाव्यांपासून कंपन्यांना संरक्षण देणारा २००५चा कायदा संघीय व राज्य अशा दोन्ही न्यायालयांना लागू असला, तरी सदोष उत्पादन किंवा विक्री-जाहिरातविषयक कायद्याचा जाणूनबुजून केलेला भंग असे अपवाद त्यातच आहेत. सँडी हुक शाळेतील २०१२च्या गोळीबारातील मृतांच्या कुटुंबीयांचा बंदूक उत्पादक रेमिंग्टनवरील दावा कनेक्टिकटच्या राज्य न्यायालयात यातल्या दुसऱ्या अपवादाच्या वाटेने २०१९मध्ये टिकला आणि २०२२मध्ये ७.३ कोटी डॉलरवर मिटला. इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथील गोळीबाराचे दावे संघीय न्यायालयात नेण्याचा स्मिथ अँड वेसनचा प्रयत्न एप्रिल २०२४मध्ये अपिलातही फसला : ती मुभा संघीय सरकारच्या अधिकाऱ्यांना असते, पण सरकारी नियम पाळल्याने कंपनी अशा अधिकाऱ्याच्या जागी येत नाही, असे ठरून ते इलिनॉयच्या राज्य न्यायालयाकडेच राहिले.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास हा खुलासा त्याच गटात टाकावा.