बायकांनी जड वजन उचलायला शिकले पाहिजे

अंबाझरी असो वा फुटाळा, ऊन तापण्याआधी फिरायला निघणाऱ्या नागपूरच्या बायकांची संख्या चांगलीच वाढली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांच्या गप्पांत वजन किती उतरले एवढाच हिशोब असतो. ताकद किती वाढली, हे कोणी कोणाला विचारत नाही.

आजीच्या पिढीत अंगाने भरलेली सून खात्यापित्या घरची समजली जाई आणि बारीक मुलीच्या तब्येतीवर शंका घेतली जाई. आज स्थळ बघताना नेमकी उलटी अपेक्षा असते. दोन्ही काळांत बाईचे शरीर दिसते कसे, एवढेच पाहिले गेले.

शहरातल्या एका जिममध्ये, ‘‘ताई, जड वजन नको, अंग पुरुषी दिसेल,’’ असे सांगून पन्नाशीच्या बाईच्या हाती एकेक किलोचे डंबेल्स दिलेले मी पाहिले आहेत. हीच बाई एप्रिल-मेमध्ये रोज कूलरमध्ये पाणी भरते. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो वजन, आणि ते ती गुडघे न वाकवता, कमरेतून ओढून, एका हाताने उचलते. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांसाठी वापरला जाणारा रिकामा बारही, म्हणजे वजने लावायची दांडीही, पंधरा किलोचीच असते. मग ती नीट उचलायला तिला शिकवण्यात अडचण कोणती?

बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक (हार्मोन) पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे स्नायू सहजासहजी फुगत नाहीत. उलट पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात, आणि स्नायू व हाडे टिकवण्यासाठी त्यांच्यावर भार येणे आवश्यक असते. चालण्याने हृदयाला फायदा होतो. खांदे, पाठ आणि हात मात्र जवळजवळ रिकामेच राहतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस करते.

सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो वजनगटात एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक मिळवले, तर टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने 49 किलो गटात 202 किलो उचलून रौप्य मिळवले. दोघींच्या बांध्यात केवढा फरक, आणि त्यांतला कोणता योग्य, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

खाण्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. अशा स्थितीत बारीक होण्यासाठी रात्रीचे जेवण सोडणे म्हणजे अंगातली उरलीसुरली ताकदही घालवणे होय. वरण, उसळ, दही, चालत असल्यास अंडी, हे बाईच्या ताटात आधी वाढले गेले पाहिजे. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरले तर नव्हे.

रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. त्यानंतर जिममध्ये नाव घालताना वजन किती कमी कराल हे न विचारता, पाठ सरळ ठेवून जमिनीवरून भार उचलायला कोण शिकवेल, हे विचारावे, आणि शिकवणारे कोणी नसेल तर दुसरी जिम शोधावी.