व्हाइट हाउस ‘जसेच्या तसे’ नाही

कालप्रवासाच्या विज्ञानकथांना व्हाइट हाउस फार सोयीचे, कारण ते १८०० पासून जसेच्या तसे उभे आहे आणि लेखकाने फक्त साल व पोशाख बदलले की काम भागते, असे विधान सर्रास केले जाते. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी लावलेल्या आगीचे डाग झाकण्यासाठी ते पांढरे रंगवले आणि लिंकनही ओव्हल ऑफिसातच, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या आजच्या कचेरीतच, बसत, हे दोन दाखलेही सोबत दिले जातात.

रंगाचा दाखला लगेच निकालात निघतो. तिथल्या दगडाला चुन्याची सफेदी १७९८ मध्येच झाली होती.

लिंकन यांचा दाखला अधिक घातक आहे, कारण त्यावर अख्खे कथानक उभे राहते. ओव्हल ऑफिस बांधले गेले १९०९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या काळात, आणि ते आजच्या जागी आले ते १९३४ मध्ये. लिंकन यांची कचेरी मुख्य इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. तिलाच आज ‘लिंकन यांची शयनगृहाची खोली’ म्हणून दाखवतात, मात्र ते तिथे झोपत नसत. आजच्या ओव्हल ऑफिसातून थेट १८६३ गाठणारा प्रवासी लिंकन यांच्यासमोर नव्हे, तर मुख्य इमारतीबाहेर, पश्चिमेकडच्या आवारात उभा राहील.

‘भिंती तरी त्याच’ हा युक्तिवाद बाहेरच्या भिंतींपुरता, तोही अंशतःच, खरा आहे. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीच्या पियानोचा पाय जमिनीत घुसला, तपासणीत इमारत धोकादायक ठरली आणि पुढे आतला भाग पूर्ण उतरवून पोलादी सांगाड्यावर नव्याने बांधला गेला. हे काम १९५२ पर्यंत चालले. तोवर ट्रुमन समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये राहत होते, आणि नोव्हेंबर १९५० मध्ये त्यांच्यावर हल्ल्याचा प्रयत्न झाला तोही तिथेच. तो हल्ला टाळायला निघालेला नायक त्या दुपारी व्हाइट हाउसच्या वरच्या मजल्यावर प्रकटला, तर बिचाऱ्याच्या पायाखाली जुनी जमीनच नसेल!

या विधानाच्या बाजूने ‘डॉक्टर हू’ या कालप्रवासावरच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचे नाव घेतले जाते. तिच्या २०११ च्या एका कथेत कालयंत्र १९६९ मध्ये निक्सन यांच्या ओव्हल ऑफिसात उतरते, आणि जागेच्या हिशोबाने त्यात काहीच वावगे नाही. पण त्यातली गंमत ‘काही बदलत नाही’ यावर नव्हे, तर नेमक्या सालावर उभी आहे: नायक निक्सन यांना इथले सगळे बोलणे ध्वनिमुद्रित करायला सुचवतो, आणि प्रत्यक्षात तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसली ती फेब्रुवारी १९७१ मध्ये.