काका, भांडण खरं आहे, पण कशावरून चाललंय ते बघा

काका, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. मी 'अमेरिकन लोक वाटतात तितके दुभंगलेले नाहीत' असं लिहून दिशाभूल केली असं तुमचं म्हणणं. न्यू जर्सीला लेकीकडे सहा महिने राहिलात, रोज टीव्हीवर दोन्ही पार्ट्यांची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाताना बघितलीत, आणि निकाल पण दरवेळी निम्मे-निम्मेच लागतात. राग समजतो मला, आणि माझं ते वाक्य फारच सरसकट होतं हेही मान्य.

पण मतपत्रिकेवर नावं दोनच असली तर माणूस त्यातलं एक निवडणार ना, त्यावरून त्याला बाकी काय काय वाटतं हे कसं कळणार? मी राहतो कॅन्ससमध्ये. २०२० ला इथे ट्रम्पना ५६ टक्के मतं होती. समोरच्या घरातले आजी-आजोबा पक्के रिपब्लिकन, निवडणूक आली की त्यांच्या लॉनवर पार्टीच्या पाट्या ठरलेल्याच. ऑगस्ट २०२२ ला राज्याच्या घटनेतलं गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण काढायचं का यावर मतदान झालं, तेही प्रायमरीच्या (पार्टीचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीच्या) दिवशी, ज्या दिवशी कुठल्याच पार्टीत नाव नसलेले लोक एरवी मतदानाला फिरकतही नाहीत. तर त्या वर्षी त्याच लॉनवर नेहमीच्या पाट्यांशेजारी 'व्होट नो'ची, म्हणजे 'संरक्षण काढू नका'ची पाटी लागली. आजी म्हणाल्या, डॉक्टर आणि पेशंटच्या मधे सरकारला काय काम? ९ लाखांवर लोकांनी मतदान केलं आणि ५९ टक्के 'काढायला नको' म्हणाले, आता कॅन्ससमध्ये एवढे डेमोक्रॅट आणायचे कुठून!

आमच्याकडून स्टेट लाइन रोड ओलांडला की शेजारचं मिझुरी राज्य. तिथे नोव्हेंबर २०२४ ला एकाच मतपत्रिकेवर ट्रम्पना ५८ टक्के, गर्भपाताच्या हक्काला जवळजवळ ५२, आणि किमान वेतन १५ डॉलर करून भरपगारी सिक लीव्ह द्यायच्या प्रस्तावाला ५७ टक्क्यांवर मतं. म्हणजे ट्रम्पना मत देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी खाली येऊन याला पण 'हो' म्हटलंय.

तुमचं खरं आहे ते इथे, की माणसा-माणसातला राग वाढलाय. २०१६ आणि २०२०, दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष बदलले तसं काही आठवड्यांत लोकांचं अर्थव्यवस्थेबद्दलचं मत उलटंपालटं झालं, आपला जिंकला की सगळं छान आणि दुसऱ्याचा आला की वाटोळं, पगार आणि किराणा होता तिथेच असताना. हे वाईटच आहे आणि मला त्याची काळजी वाटते. पण ही चीड पार्टीच्या नावाची आहे, प्रत्येक प्रश्नावर देश मधोमध चिरलाय असं नाही, आणि माझा सगळा जीव याच फरकात अडकलाय, कारण नेते नेमका त्याचा फायदा घेतात. बहुतेक मतदारसंघ एकाच पार्टीचे बालेकिल्ले, तिथे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची भीती नसते, भीती असते ती प्रायमरीची, आणि प्रायमरीला येतात मोजके, कडवे लोक. मग बाकीच्यांना काय हवंय ते विचारतो कोण?

मिझुरीचंच पुढचं सांगतो. ५७ टक्क्यांनी मंजूर झालेली ती सिक लीव्ह १ मे २०२५ ला सुरू झाली, आणि त्याच मतदारांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने ती रद्द करायचा कायदा केला. ऑगस्टअखेर रजा गेली.