हात हलतो आणि हात हलवतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला तो आळसामुळे नव्हे. तुमचा एक आक्षेप मला मान्यच करावा लागणार, हे पहिल्याच वाचनात लक्षात आले होते, आणि तसे लिहायला बसणे जरा जड जाते. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोक्याच्या आत बसून शरीर हाकणारा ‘मी’ नावाचा कोणी मालक सापडत नाही, परंतु तेवढ्यावरून माणसाची निवड खोटी ठरत नाही, असे मी लिहिले होते. त्यावर तुमचे म्हणणे असे की, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे झाले. मालकच नसेल तर निवड करतो कोण? मेंदू आधी ठरवतो आणि ‘मी’ला मागाहून नुसती वर्दी मिळते हे १९८३ सालीच सिद्ध झाले आहे, माझा ‘नकाराधिकार’ ही पळवाट आहे, आणि बुद्धाचा दाखला मी सोयीपुरता वापरला आहे. शेवटी तुम्ही असेही म्हणता की इच्छास्वातंत्र्य भ्रम असेल तर न्यायालये आणि शिक्षा हे सारे नाटक ठरते, पण ते बोलण्याचे धाडस माझ्यात नाही.

आधी नकाराधिकाराबद्दल. तुम्ही म्हणता तो १९८३ चा प्रयोग अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा. त्यातल्या माणसाला सांगितलेले असे की, मनात येईल तेव्हा बोट किंवा मनगट हलवावे, आणि हलवावेसे वाटले त्या क्षणी समोरच्या तबकडीवरचा फिरता ठिपका कुठे होता ते सांगावे. हा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी पुरी करीत असे. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेख चढू लागलेला दिसे, आणि इच्छा झाल्याची जाणीव मात्र हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीची नोंदवली जाई. यावरून इच्छास्वातंत्र्य संपले असे लिबेट स्वतः म्हणाले नाहीत. उरलेल्या अवधीत माणूस जाणीवपूर्वक ‘नको’ म्हणू शकतो, असे त्यांनी मांडले, आणि मी ते तसेच्या तसे उचलले. तुम्ही विचारता की चढ आधी मेंदूत सुरू होतो म्हणून होकार माझा नसेल, तर नकारही मेंदूतूनच उगवतो, तो माझा कसा? प्रश्न बिनतोड आहे. होकार मेंदूचा आणि नकार आत्म्याचा, अशी वाटणी करता येत नाही. ते वाक्य मी मागे घेतो.

मात्र त्या प्रयोगाने प्रश्नाचा निकाल लावला, हे मला मान्य नाही. एरन शुर्गर, जाकोबो सित आणि स्टानिस्लास देहान या मेंदूसंशोधकांनी २०१२ मध्ये त्याच चढाचा वेगळा अर्थ लावून दाखवला. मेंदूतील हालचाल स्वस्थ बसलेल्या माणसातही सतत वरखाली होत असते, आणि अमुक क्षणीच बोट हलवण्याचे काहीच कारण नसेल तेव्हा ही चढउतार योगायोगाने उंबरठा ओलांडते त्या क्षणी बोट हलते. प्रयोगकर्ता मात्र बोट हललेलेच क्षण गोळा करतो आणि तेथून मागे जाऊन सरासरी काढतो. ज्या ज्या दिवशी खडकवासल्याचे दरवाजे उघडले, त्या प्रत्येक दिवसाच्या आधीच्या चार दिवसांची पाणीपातळी घेऊन सरासरी काढली, तर ती चढतीच दिसणार. तेवढ्यावरून दरवाजे उघडण्याचा निर्णय चार दिवस आधीच झाला होता आणि पाटबंधारे खात्याला तो मागाहून कळला, असे कोणी म्हणणार नाही.

मेंदूच्या चित्रणावरून सात ते दहा सेकंद आधी निर्णय ओळखता येतो, असा जो २००८ चा प्रयोग तुम्ही पुढे करता, त्यात डावे की उजवे बटण दाबले जाईल याचे भाकीत सुमारे ६० टक्के वेळा बरोबर येत होते. नाणे उडवून ५० टक्के येते. नाण्यापेक्षा हे जास्त आहे, पण ‘आधीच ठरलेले’ या शब्दांना जी ठाम छटा आहे ती त्यात नाही. शिवाय २०१९ मध्ये उरी माओझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांसमोर सेवाभावी संस्थांच्या जोड्या ठेवल्या. काही वेळा त्यांच्या निवडीवरून खरोखरीची देणगी कोणाला जाणार ते ठरत होते, आणि काही वेळा काहीही निवडले तरी दोन्ही संस्थांना सारखेच मिळणार होते. काहीही निवडले तरी चालेल अशा वेळी तो प्रसिद्ध चढ दिसला. देणगी खरी होती तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे ज्या निवडींसाठी आपण रात्र रात्र जागतो, त्यांच्याबद्दल बोट हलवण्याच्या प्रयोगाने फारसे काही सांगितलेलेच नव्हते.

तरीही आपला खरा मतभेद या आकड्यांवरून नाही. उद्या याहून अचूक यंत्र आले आणि ९९ टक्के भाकीत जमू लागले, तरी तो राहील. तुम्ही लिहिता, ‘मेंदूने ठरवले, तुम्ही नाही.’ या वाक्यातला ‘तुम्ही’ कोण? मेंदू, शरीर, आठवणी, सवयी, आईबापांनी लावलेले वळण आणि शिकलेली भाषा हे सगळे बाजूला काढल्यावर मागे जो उरतो, तो? असा कोणी उरत नाही, याबद्दल तर तुमचे-माझे एकमत आहे. मग जो मुळातच नाही त्याला डावलून मेंदूने परस्पर कारभार केला, ही तक्रार कोणाच्या वतीने? घर बेवारस आहे म्हणायचे आणि मालकाच्या सहीशिवाय व्यवहार झाला म्हणून हरकतही घ्यायची, असे ते होते. दोन्ही डगरींवर हात असलाच तर तो इथे आहे. आतला मालक खरोखरच सोडून दिला, तर विचार करणारे, कचरणारे, ठरवणारे हे जे हाडामांसाचे माणूस उरते, त्यालाच ‘तुम्ही’ म्हणावे लागते. मेंदू त्याच्यावर राज्य करणारा दुसरा कोणी नसून, हृदयाने रक्त खेळवावे तसे ते माणूस मेंदूने ठरवते.

एवढे बोलून भागत नाही, कारण मेंदूतून तर सगळेच येते. माझ्या वडिलांना शेवटची नऊ वर्षे कंपवात होता. उजवा हात मांडीवर विसावला की अंगठा आणि तर्जनी एकमेकींवर घासत राहत, तळहातावरच्या तंबाखूतली काडी चिमटीत धरून फिरवावी तशी. पाहुणे बघत राहिले की ते सांगत, ‘मी हलवत नाही, तो हलतोय.’ आईने चहाचा कप पुढे केला की तोच हात उचलला जाई आणि कपाच्या कानापर्यंत पोहोचेतो थरथर जवळपास थांबलेली असे. कप खाली ठेवून हात परत मांडीवर आला की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. या आजारातला कंप विश्रांतीचा असतो आणि हेतुपूर्वक हालचालीत बहुधा ओसरतो, हे डॉक्टरांनी पुढे समजावले, पण ते आम्ही रोज चहाच्या वेळी बघतच होतो. दोन्ही हालचालींच्या मागे एकच मेंदू होता, आणि आत्मा कुठल्याच हालचालीच्या मागे शोधायची गरज नव्हती. तरी त्या दोन हालचाली एक नव्हत्या. मराठीने हा फरक एका ‘व’मध्ये ठेवला आहे: हलणे आणि हलवणे. (व्याकरणावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, नाहीतर ‘मला राग आला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला रागाबद्दल कधीच जबाबदार धरता आले नसते.) ‘सगळे मेंदूच करतो’ हे वाक्य दोन्ही हालचालींना सारखेच लागू पडते, आणि म्हणूनच त्यांच्यातला फरक समजून घ्यायला त्याचा काही उपयोग नाही. चहाची तलफ, समोरचा कप, तो सांडेल ही भीती, आईची नजर, अशा कारणांना जी हालचाल दाद देते, ती हलवणे. कशालाच दाद देत नाही, ते हलणे.

याच आजारात तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही आहे, आणि तो तुम्ही मांडला नाहीत याचे मला आश्चर्य वाटले. त्यावर दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोलसारख्या, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचे, खरेदीचे किंवा खाण्याचे वेड लागते, आणि मात्रा कमी केली वा औषध बदलले की ते बहुतेक वेळा उतरते. अमेरिका व कॅनडातील ३०९० रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत हे विकार आढळले. न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. जन्मभर काटकसरीत राहिलेला माणूस एका गोळीने पैसे उधळू लागत असेल, तर स्वभाव आणि संयम यांवर आपला हक्क किती, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु याचा निष्कर्ष मी तुमच्या उलट काढतो. जी गोष्ट औषधाने पातळ होते आणि औषध काढल्यावर परत दाट होते, ती काहीतरी आहे म्हणूनच कमीजास्त होते. गोळीने मृगजळाची पातळी उतरत नाही. डॉक्टरांनी आम्हाला या धोक्याची कल्पना दिली, त्या संध्याकाळी वडिलांनी बँकेचे पासबुक आणि एटीएम कार्ड आपण होऊन आईच्या हाती ठेवले. ‘उद्या मी मागितले तरी देऊ नकोस,’ म्हणाले. पुढे तशी वेळ आली नाही. उद्याच्या आपल्यावर आजच भरवसा न ठेवणारा आणि तशी तजवीज करून ठेवणारा हा माणूस, आत मालक नसल्यामुळे, त्या संध्याकाळी काही ठरवतच नव्हता, असे मला म्हणवत नाही. ते ठरवणे भ्रम असेल, तर खरे ठरवणे कसे दिसले असते, हे तुम्ही सांगायला हवे.

‘मी’ स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर विश्वास ठेवू नये, असेही तुम्ही म्हणता. ते बव्हंशी खरे आहे. मेंदूचे दोन अर्धगोल शस्त्रक्रियेने विलग केलेल्या एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गाझानिगा यांनी कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाचे दृश्य. (डावा अर्धगोल उजवा हात चालवतो, आणि उजवा डावा.) जुळणारे चित्र निवडायला सांगितल्यावर त्याच्या उजव्या हाताने कोंबडी दाखवली आणि डाव्या हाताने फावडे. फावडे का, असे विचारताच, ज्याने बर्फ पाहिलेलेच नव्हते त्या बोलत्या डाव्या अर्धगोलाने खुराडे साफ करायला फावडे लागते, असे बेधडक सांगितले. आपणही रोज अशीच खुराडी साफ करत असतो. पण कारण सांगताना माणूस चुकतो एवढेच यावरून निघते. कृतीला कारणे नसतात किंवा ती त्या माणसाची नसतात, असे निघत नाही.

आता बुद्ध. मी त्यांचा आधार घेतला तो त्यांच्या शब्दाने विज्ञानातला वाद मिटावा म्हणून नव्हे, तर तुम्ही ज्या दोन गोष्टी एकत्र बांधता त्या फार पूर्वी वेगळ्या केल्या गेल्या होत्या म्हणून. त्यांच्याच काळातला मक्खली गोसाल हा आजीवक पंथाचा आचार्य नियतिवादी, म्हणजे सारे आधीच ठरलेले मानणारा होता. सामञ्ञफलसुत्त या पाली बौद्ध ग्रंथात त्याचे मत दिले आहे: स्वतः करणे नाही, दुसऱ्याने करणे नाही, पुरुषकार (माणसाचा प्रयत्न) नाही, सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ८४ लाख महाकल्प, म्हणजे अफाट लांबीची युगे, फिरून आपोआप दुःखाच्या शेवटाला पोहोचतात. आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाने हे मत उचलून धरायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांनी सर्व मतांत ते निकृष्ट ठरवले आणि त्याला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली, जे थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम. शाश्वत ‘मी’ नाही आणि तरी प्रयत्नाला अर्थ आहे, ही दोन्ही विधाने ते एकत्र करत होते. त्यांचे बरोबर होते की नाही, यावर वाद घालता येईल. पण ‘मी’ गेला की प्रयत्न जातोच हे स्वयंसिद्ध आहे असे म्हणता येणार नाही.

गंमत अशी की तुमचे गृहीतक टिळकांच्या जवळचे आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापल्या गेलेल्या गीतारहस्यात कर्मविपाक (कर्माचे फळ) आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खे प्रकरण आहे, आणि तिथे कर्माच्या साखळीतून सुटण्याची प्रेरणा टिळक प्रकृतीहून वेगळ्या आत्म्याकडून आणतात. स्वतंत्र आत्मा असेल तरच स्वातंत्र्य, हे त्यांनाही मान्य होते आणि तुम्हालाही. तो आहे म्हणून ते स्वातंत्र्य मानतात, नाही म्हणून तुम्ही नाकारता. मला ती अटच मान्य नाही.

राहिला धाडसाचा मुद्दा. कायदा कृतीला कारण होते का, असे विचारतच नाही. कारण कोणत्या जातीचे होते, ते विचारतो. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८४ प्रमाणेच, तिच्या जागी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा त्याची गैरता कळण्यास असमर्थ असलेल्याला दोषमुक्त करते, म्हणजे हलणे आणि हलवणे यांतलाच फरक अधिक बारकाईने करते. त्यामुळे न्यायालये नाटक ठरत नाहीत. पण गुन्हेगाराला यातना झाल्याच पाहिजेत, त्यातून कोणाचे रक्षण झाले नाही, कोणी सुधारला नाही आणि कोणाचे नुकसान भरून निघाले नाही तरीही झाल्या पाहिजेत, ही जी भावना आहे, तिला आधार द्यायला तो आतला मालकच लागतो, आणि तो नाही. तेवढ्यापुरते तुमचे म्हणणे मी मान्य करतो, आणि तसे लिहितोही.

मूळ लेखातील नकाराधिकाराचा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे. जुने वाक्य खोडरेघेखाली तसेच ठेवले आहे, म्हणजे तुमची प्रतिक्रिया कशावर होती ते पुढच्या वाचकांना कळेल.