लॉबिस्ट खूश म्हणजे सरकार चांगलं? नाही

परवा माझ्या भाचीच्या वहीत एक ओळ दिसली. हिरव्या शाईने लिहिलेली, खाली दोन रेघा: "लॉबिस्ट हा सरकारचा एकमेव निःपक्षपाती परीक्षक." ती राज्यशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, निबंधाची टिपणं काढत होती. कुठून घेतलंस म्हणून विचारलं तर तिने फोन पुढे केला. तोच मेसेज. गेल्या काही आठवड्यांत तीन ग्रुपवरून माझ्याकडे आलेला आणि मी दर वेळी अर्धवट वाचून सोडून दिलेला. या वेळी बसून शेवटपर्यंत वाचला, कारण आता तो निबंधात उतरणार होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. लॉबिस्ट, म्हणजे कंपन्यांच्या, उद्योगांच्या किंवा संघटनांच्या वतीने सरकारदरबारी बाजू मांडणारी माणसं, सरकारला सगळ्यात जवळून पाहतात. सत्तेवर कोणीही आलं तरी त्यांची कमाई चालूच राहते, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती. 'जगभरच्या सर्वेक्षणांत' हे लोक ज्याला चांगले गुण देतात तेच सरकार कार्यक्षम. लॉबिंगची रीतसर नोंद होते, त्यामुळे लपवाछपवीला जागा नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: आता नेते सोशल मीडियावरून थेट जनतेशी बोलतात, जनताही थेट उत्तर देते, त्यामुळे लॉबिस्टची ताकद संपली, तो आता फक्त निरीक्षक उरला आहे. सर्वेक्षण कुठलं, केलं कोणी, किती जणांना विचारलं, याबद्दल एक अक्षर नाही.

मी नऊ वर्षं एका उद्योग संघटनेच्या कार्यालयात निवेदनं लिहिली आहेत. माझं पद 'धोरण समन्वय' असं होतं, लॉबिस्ट हा शब्द आम्ही वापरत नसू, पण काम तेच. मसुदा आला की हरकती काढायच्या, शिष्टमंडळासाठी वेळ मागायची, भेट झाली की पाठपुरावा करायचा. त्यामुळे या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य मला टोचलं.

'कमाई चालूच राहते' हे आधी घेते, कारण बाकीची सगळी इमारत त्यावर उभी आहे. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार लॉबिस्टला कोणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती पैशांत काम केलं हे ठरावीक काळाने जाहीर करावं लागतं. या नोंदींवर तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास 2012 साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. त्यांनी पूर्वी एखाद्या सिनेटरच्या कार्यालयात नोकरी केलेले लॉबिस्ट निवडले आणि पाहिलं, की तो सिनेटर पदावरून गेल्यावर या माणसांच्या उत्पन्नाचं काय होतं. उत्पन्न 24 टक्क्यांनी घसरलं. घसरण लगेच झाली आणि बराच काळ तशीच राहिली. माणूस तोच, त्याची विषयाची जाण तीच, कायद्याचा अभ्यास तोच. गेली ती फक्त ओळख, आणि तिच्याबरोबर जवळपास चौथा हिस्सा मिळकत गेली. एका खुर्चीवर कोण बसलंय यावर ज्याचं पोट इतकं अवलंबून आहे, त्याला त्या खुर्चीचा निःपक्षपाती परीक्षक म्हणायचं? परीक्षार्थ्याच्या घरून ज्याला पगार मिळतो, त्याच्याकडे आपण पेपर तपासायला देतो का?

बरं, हे गुण दिले कशाला जातात तेही सांगते. आमच्या कार्यालयात दर मार्चअखेरीस सभासदांसाठी एक तक्ता व्हायचा. प्रत्येक खात्यापुढे पाच रकाने: कोणाला भेटलो, किती वेळा, कोणत्या दर्जाचा अधिकारी होता, आपल्या किती सूचना मसुद्यात आल्या, किती वगळल्या. शेवटी शेरा. एका वर्षी एका खात्याला आम्ही 'उत्कृष्ट' असा शेरा दिला, कारण वरिष्ठांनी चार वेळा वेळ दिली होती आणि आमच्या अकरा सूचनांपैकी सात उचलल्या होत्या. त्या सातांतली एक अशी होती, की सुरक्षिततेच्या तपासणीची पूर्वसूचना कारखान्याला पंधरा दिवस आधी मिळावी. पंधरा दिवसांत काय काय झाकता येतं हे यंत्रावर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. तो तक्ता मी स्वतः टाइप केला आहे, आणि 'उत्कृष्ट' हा शब्दही.

'लॉबिस्ट सरकारवर खूश आहेत' असं कोणी म्हणालं की मला तो तक्ता आठवतो. त्याचा अर्थ इतकाच होतो, की दार उघडं होतं आणि कागद हलले. दार कोणासाठी उघडलं, कागद कुठल्या दिशेने हलला, हे त्या गुणांत नसतं.

सर्वेक्षणांबद्दल फार लिहीत नाही, एक उदाहरण पुरे. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं, हे सांगणारी जागतिक बँकेची 'डुइंग बिझनेस' क्रमवारी आठवत असेल. तिची माहिती मुख्यतः वकील, हिशेबनीस, मालवाहतूकदार अशा सरकारशी रोजचा संबंध असणाऱ्या व्यावसायिकांना प्रश्नावल्या पाठवून गोळा होत असे. भारत तिच्यात 142 वरून 63 वर आला तेव्हा तोही आकडा असाच मेसेजमधून फिरला होता. 2020 मध्ये बँकेने क्रमवारी थांबवली आणि सप्टेंबर 2021 मध्ये कायमची बंद केली, कारण चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकड्यांत गडबडी निघाल्या होत्या. त्या चार देशांत भारत नव्हता, हेही सांगायला हवं. पण एवढ्या मोठ्या संस्थेची, पद्धत छापून जाहीर करणारी क्रमवारी जर अशी वाकवता आली, तर नाव-गाव नसलेल्या 'जगभरच्या सर्वेक्षणां'वर आपण काय म्हणून विश्वास ठेवायचा?

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. लॉबिस्टला सरकार आतून दिसतं हे खरं आहे. फाइल कुठल्या टेबलावर अडली, कुठल्या खात्याचं कुठल्या खात्याशी पटत नाही, कुठल्या अधिकाऱ्याला विषय खरोखर कळतो, हे त्याला बातमीदाराच्या आधी कळतं. आणि लॉबिंग म्हणजे लाच, हा उलटा मेसेजही चुकीचाच आहे. रुग्णांच्या संघटना लॉबिंग करतात, कामगार संघटना करतात, अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे लोक करतात. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकेने 1791 मध्येच पहिल्या घटनादुरुस्तीत लिहून ठेवला. आमच्याही काही सूचना चांगल्या होत्या. एका नियमातली मोजमापाची चूक आमच्यामुळे दुरुस्त झाली, तिचा मला आजही अभिमान आहे. पण जवळून दिसणं वेगळं आणि निःपक्षपाती असणं वेगळं. फक्त माहितीच विकली जात असती तर सिनेटर गेल्यावर ते 24 टक्के कमी झाले नसते.

आता तो ठळक अक्षरांतला मुद्दा. माझ्या मते या मेसेजमधला सगळ्यात घातक तोच आहे, आणि भाचीलाही तोच सगळ्यात जास्त पटला होता. 'नेते थेट बोलतात, जनता थेट उत्तर देते, मध्यस्थ संपला.'

नेता थेट बोलतो तेव्हा काय बोलतो? योजनेचं नाव, रकमेचा आकडा, उद्घाटनाचा फोटो. लॉबिस्टचं काम तिथे कधीच नव्हतं. ते असतं व्याख्येच्या कलमात, परंतुकात (म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात किंवा अटीत), 'आणि' हवं की 'किंवा' यात, नियम कुठल्या तारखेपासून लागू यात. कुठल्याही लाइव्ह व्हिडिओत परंतुकावर चर्चा झालेली मी पाहिलेली नाही. उलट सगळ्यांचं लक्ष भाषणावर असतं तेव्हा परंतुकाकडे बघणारं कोणी उरत नाही.

आणि जनतेच्या उत्तराचं काय झालं? 2017 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं असे, नियम रद्द करण्याबद्दल लोकांची मतं मागवली. 2 कोटी 20 लाखांहून जास्त मतं आली. वरवर पाहता लोकशाहीचा उत्सवच. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने चौकशी केली आणि मे 2021 मध्ये अहवाल दिला: यांतली जवळपास 1 कोटी 80 लाख मतं बनावट. त्यांतली 85 लाख मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आलेली. 42 लाख डॉलर खर्चून विकत घेतलेली. ही मतं गोळा करण्याचं काम ज्यांना दिलं होतं, ते लोकांना गिफ्ट कार्ड, सोडत असली आमिषं दाखवून त्यांचे तपशील घेणारे धंदेवाले होते. खऱ्या माणसांची खरी नावं आणि पत्ते त्यांना न विचारता मतांखाली चिकटवले गेले. कोणीतरी घरबसल्या बक्षिसाच्या आशेने आपलं नाव भरलं आणि त्या नावाने सरकारला पत्र गेलं, ज्याचा त्या माणसाला पत्ताच नाही. दुसरी बाजूही स्वच्छ नव्हती: नियम टिकावेत म्हणणारी 77 लाख बनावट मतं एका 19 वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याने एकट्याने पाठवली होती.

म्हणजे लॉबिस्ट गेला कुठे? जनतेच्या आवाजातच शिरला. पूर्वी तो स्वतःच्या नावाने दार ठोठावायचा, निदान भेटीच्या नोंदवहीत सही तरी असायची. आता तो लाखो लोकांच्या नावाने ठोठावतो.

हे आपल्याकडेही झालं आहे. डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावावेत का यावर सल्लामसलतीचा कागद काढला. त्यात चार प्रश्न होते. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' या निवडक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या आपल्या योजनेसाठी मोहीम चालवली, तयार मजकूर समोर, बटण दाबलं की पत्र ट्रायकडे. एकूण 24 लाखांच्या आसपास प्रतिसाद आले, त्यांतले जवळपास 19 लाख या मोहिमेचे, आणि मूळ चार प्रश्नांचं उत्तर त्यांत नव्हतं. ट्रायने जानेवारी 2016 मध्ये फेसबुकला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलं, की यामुळे सल्लामसलतीची गंभीर प्रक्रिया ढोबळ बहुमताच्या, घडवून आणलेल्या जनमत चाचणीवर येऊन ठेपते. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. मुंडक्यांच्या संख्येने निर्णय फिरला नाही, कारण नियामकाने चार प्रश्नांचा आग्रह सोडला नाही. तो सोडणारा नियामक असता तर हीच 19 लाख पत्रं आज 'जनतेची मागणी' म्हणून सांगितली गेली असती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत हा बदल मी रोज पाहिला. आमच्या निवेदनाला आधी परिशिष्टात उत्पादनाचे आकडे आणि न्यायालयाचे निकाल जोडलेले असायचे. नंतर नंतर हॅशटॅगचे स्क्रीनशॉट जोडायला लागलो. आधी मोहीम, मग निवेदन, असा क्रम ठरून गेला. भेटीत साहेबांपुढे पहिलं पान तेच ठेवायचं, लोक काय म्हणतायत बघा म्हणून. ते लोक कोण, हे आम्हाला ठाऊक असायचं. साहेबांना ठाऊक असायचं की नाही, माहीत नाही.

नोंदणीचा मुद्दा राहिला. 'सगळ्याची नोंद होते' हे म्हणणाऱ्याने एकही कायदा उघडून पाहिलेला नाही. अमेरिकेत एखाद्या ग्राहकासाठी तीन महिन्यांत 20 टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला दिला तर त्या माणसाला नोंदणी लागत नाही, आणि मग बरेच जण 'सल्लागार' होतात. ब्रिटनचा 2014 चा कायदा फक्त बाहेरून भाड्याने घेतलेल्या लॉबिस्टना लागू आहे, कंपनीच्या स्वतःच्या पगारी माणसांना नाही. जर्मनीत नोंदवही सुरू झाली ती थेट 2022 मध्ये. भारतात तर असा कायदाच नाही. 2013 मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. 2012 च्या डिसेंबरात वॉलमार्टच्या लॉबिंगच्या खर्चावरून संसदेत गदारोळ झाला, तो अमेरिकेच्या सिनेटपुढे दाखल झालेल्या नोंदीमुळे. भारताच्या बाजारपेठेबद्दल कोणी काय मागितलं हे भारतीयांना परदेशातल्या कागदावरून कळलं. 'लपवाछपवीला जागा नाही' म्हणणाऱ्या मेसेजमध्ये याचा उल्लेख असता तर बरं झालं असतं.

हे सगळं मी भाचीला दोन संध्याकाळी सांगितलं. तिने विचारलं, मग आपल्याकडे कोण काय मागतं हे बघायला काहीच नाही का? थोडं आहे. ट्राय आपल्या सल्लामसलतीवर आलेली उत्तरं संकेतस्थळावर टाकतं, कोणाचं उत्तर कोणतं ते नावानिशी. 2014 पासून केंद्राचं धोरण असं आहे की कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. ते सगळीकडे पाळलं जात नाही, पण पाळलं जातं तिथे वाचायला मिळतं.

काल रात्री अकराला तिचा फोन आला. एका जुन्या सल्लामसलतीवरची उत्तरं उघडून बसली होती. "मावशी, दोन वेगळ्या संघटना आहेत, पत्ते वेगळे, सह्या वेगळ्या, मग तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वल्पविरामासकट एकच कसं?" मी म्हटलं, दोन्ही बाजूबाजूला ठेवून छाप, आणि निबंधात ते लिही.