आशाताईचं ऐकायचं नाही, बरं का!

पुण्यात राहताय आणि गावाकडे कुणाचं लहान बाळ आजारी पडलंय? मग हे वाचाच. मागच्या रविवारी भोर तालुक्यातल्या आमच्या गावी मी प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन आलोय, आणि तेसुद्धा स्वतःच्या पेट्रोलवर.

तर सगळ्यात आधी, आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, घरी आली की तिला आत बोलवायचं नाही. ती वरच्या आळीतल्या कुणाची तरी सून असते, परवापर्यंत नळावर भांडत होती, तिला काय कळतंय? तिला मुळात ताई म्हणायचंच नाही. "ए आशा, काय आणलंस?" एवढं पुरे.

ती बाळाचं झबलं वर करून घड्याळ लावून बसेल आणि श्वास मोजेल. पूर्ण मिनिटभर. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, वर्षाच्या पुढे ४०, एवढे भरले की न्यूमोनियाची शंका, असलं काहीतरी तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. तिला मध्येच हाक मारा, चहा घेतेस का विचारा, आकडा चुकला पाहिजे. खरा न्यूमोनिया आजी हात लावून ओळखते आणि त्यावर छातीला ओवा शेकते.

झिंकची गोळी जुलाब थांबले की बंद करायची, चौदा दिवस कोण देत बसतंय.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या पुडीचं, पाकीट लिटरभर पाण्यात घालायला सांगतात, तुम्ही अर्ध्या पेल्यात घाला, म्हणजे चांगलं कडक होतं. नाहीतर सरळ मेडिकलमधून रंगीत ज्यूसचा डबा आणा, त्यावर फळाचं चित्र असतं.

आता मुख्य मुद्दा, सलाईन. ह्यात तडजोड नाही. आमच्या दादाचं पोरगं नऊ महिन्यांचं, शनिवारपासून पातळ शी होत होती. आशाताई रात्री साडेआठला टॉर्च घेऊन आली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली, डोळे पाहिले, शी मध्ये रक्त आहे का विचारलं, शू कधी केली विचारलं, समोर चमच्याने पाणी पाजून पाहिलं. पोरगं पीत होतं, शू करत होतं, तिच्या ओढणीशी खेळत होतं. तिने ओआरएस आणि झिंक दिलं, अंगावरचं दूध चालू ठेवा म्हणाली, पीत नाहीसं झालं, मलूल झालं किंवा रक्त दिसलं तर लगेच सांगा, गाडी बोलावते, आणि सकाळी मी येतेच. आली पण सकाळी. पण तोवर पुण्याहून आमच्या नानांचा फोन येऊन गेला होता ना! नाना बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे बालरोग त्यांना पाठ आहेत. "गोळ्या कसल्या देताय, सलाईन लावा सलाईन, पुण्याला आणा." झालं. गाडी माझी, म्हणून ड्रायव्हर मी. पोरगं मांडीवर, खेड-शिवापूरचा टोलनाका, नंतर नवले पुलावरची वाहतूक कोंडी (पुढचं तुम्हाला माहितीये), ऊन, एसी लावला तर वहिनी म्हणे बाळाला गार लागतं, बंद केला तर नाना फोनवर म्हणे कुठवर आलात. अडीच तास लागले. ओआरएसची बाटली घाईत घरीच राहिली, म्हणजे जे पोटात जायला हवं होतं तेच त्या अडीच तासात गेलं नाही. दवाखान्यात सलाईन लावलं, दोनदा शीर चुकली, पोरगं रडून निळं व्हायचं बाकी होतं, बिल ४२०० आणि घरी जाताना कागदावर काय लिहून दिलं माहितीये? ओआरएस आणि झिंक! तीच २० मिलिग्रॅमची गोळी, तेच चौदा दिवस. आशाताईने फुकट दिली होती म्हणून चालली नाही, ४२०० दिल्यावर लगेच गुण आला.

जाऊ दे, पुढचा सल्ला. ती संपावर गेली की "सरकारचा पगार खातात आणि रस्त्यावर बसतात" असं ग्रुपवर टाकायचं. पगार नाही, मोबदला असतो, हे टाकायचं नाही. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, अंग गरम-गार बघायचं, ह्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून ठरलेत २५० रुपये. नवले पुलावर आमचं जेवढं पेट्रोल जळलं तेवढेच म्हणा की. वर कुठलाही सर्व्हे आला की मोबाईल घेऊन हिनेच फिरायचं, आणि पेटीतल्या झिंकच्या गोळ्या संपल्या की बोलणी पण हिनेच खायची.

आता उपरोध बास, मला जमत नाहीये. अरे, हे सगळं आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर औषध द्यायला शिकवलं, पोरं वाचली, १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात बाळांचं काम १९९९ मध्ये आलं. आशाताई आज ज्या फेऱ्या करते त्या तिथूनच आल्यात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा तुम्हीच स्टेटस ठेवला होतात, नाना. हो, तुम्हालाच बोलतोय. फोनवरून सलाईन लावायला सांगण्याआधी "ताई काय म्हणाली" एवढं एक विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं? आणि मी तरी कुठला शहाणा, किल्ली काढून गपचूप गाडीत बसलोच ना.

काल वहिनीला फोन केला. झिंकचा नववा दिवस, गोळी दिली का विचारलं. तर म्हणाली, "अहो भावजी, शी तर कधीच घट्ट झाली, आता कशाला? ती आशा सकाळीच येऊन पाकीट बघून गेली, अकरा राहिल्यात म्हणून माझ्यावरच चिडली."

चिडेल नाहीतर काय करेल? द्या ती गोळी!